लुगड्यातली गाठ

नाशिकजवळ मखमलाबादला, दीपमालेच्या सासऱ्यांच्या मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यांमागे एक पत्र्याची शेड आहे. पूर्वी तिथे ठिबकचे जुने पाइप आणि फवारणीचे पंप पडलेले असायचे. तिने ती झाडून घेतली, मधोमध लांब टेबल टाकलं, त्यावर घोंगड्या अंथरल्या आणि कापडावर ठसे उठवायला सुरुवात केली. लग्नाआधी ती हे काम शिकली होती. घरच्यांना वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे, उतरेल. पण नाशकात दुचाकीवर बसणारी जवळजवळ प्रत्येक बाई तोंडाला स्कार्फ बांधते, आणि दीपमालेचा स्कार्फ एकदा बांधला की दुकानातला नायलॉनचा नको वाटायचा.

खरी गंमत कापडात होती. नवं कापड ती घेतच नसे. वर्षानुवर्षं कुणाच्या तरी अंगावर झिजलेली सुती लुगडी ती विकत घ्यायची. धुऊन, हिरड्याच्या पाण्यात भिजवून, वाळवून त्यावर सागवानी ठशाने फुलं-वेली छापायची आणि मंजिष्ठेच्या लाल पाण्यात उकळायची. ठशाच्या फुलांखालून जुन्या लुगड्याच्या चौकड्या अंधुक दिसत राहायच्या. गिऱ्हाइकांना तेच आवडायचं.

लुगडी आणून द्यायची चांगुणा. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन ती गावोगाव फिरायची आणि पातेलं नाहीतर डबा देऊन जुने कपडे घ्यायची. त्यातली चांगली लुगडी दीपमालेसाठी बाजूला ठेवायची.

पावसाळ्याच्या आधी तिने आणलेल्या गाठोड्यात एक गर्द हिरवं लुगडं निघालं. लाल चौकड्यांचं, हाताला लोण्यासारखं. मधल्या घडीवर विरलं होतं, दोन्ही टोकं वेडीवाकडी कापलेली होती, त्यामुळे टोकाकडून जेमतेम एक स्कार्फ निघाला. त्यात एका ठिकाणी वीतभर चुण्या पडलेल्या होत्या, पिळून पिळून बसलेल्या. दीपमालेने कापड दोनदा धुतलं, गरम इस्त्री फिरवली. इस्त्री उचलली की चुण्या पुन्हा उमटायच्या. रंगवताना तर आणखीच विचित्र झालं. सगळ्या कापडाने रंग घेतला, तेवढ्या चुण्यांच्या पट्ट्याने घेतला नाही. डाळिंबाची फुलं तिथवर यायची आणि पुसट व्हायची.

"मेणाचा नाहीतर तेलाचा डाग असेल," असं म्हणून तिने विषय सोडला. दिसायला स्कार्फ देखणा झाला होता.

दिवाळीत तो निकिताने घेतला. निकिता दिंडोरी रोडच्या एका वायनरीत लॅबमध्ये कामाला होती, रोज गाडीवरून जायची-यायची. दीपमालेचे दोन-तीन स्कार्फ तिच्याकडे आधीपासून होते. हा मात्र ती पंधरवड्याच्या आत परत घेऊन आली.

"पैसे नकोत ताई. फक्त हा ठेवून घ्या."

"का गं? रंग गेला का?"

निकिता शेडच्या दारातच उभी राहिली. आत यायला तयार नव्हती. "हसू नका. हा बांधताना मागून कुणीतरी गाठ मारतं."

"मागून?"

"आई लहानपणी फ्रॉकची नाडी बांधायची ना, पाठमोरं उभं करून, तसं. पहिल्या दिवशी मला वाटलं, भास झाला. खरं सांगू का, जरा बरंही वाटलं. मग रोज थोडी जास्त घट्ट. परवा घरी आले तर सुटेचना. आई म्हणाली, थांब, कात्री आणते. कात्री म्हटल्याबरोबर अशी आवळली की मला श्वास घेता येईना."

"मग सुटली कशी?"

"बाबांचा फोन आला. त्यांना तेवढ्यात कसंबसं म्हटलं, मी पोचलेय, सुखरूप आहे. आणि सुटली. आपोआप गळून पडली." तिने स्कार्फ टेबलाच्या कडेवर ठेवला आणि हात ओढणीला पुसले. "अजून एक. ते हात गार असतात. ओले."

निकिता गेल्यावर दीपमालेला तिची काळजी वाटली. पोरीची झोप होत नसेल, कामाचा ताण असेल. तिने स्कार्फ धुतला आणि देवळाली कॅम्पच्या दुकानात जाणाऱ्या मालात घातला. तिथे तो एका फौजीच्या बायकोने घेतला. आठवड्याभरात दुकानदाराचा फोन आला. बाई स्कार्फ काउंटरवर टाकून निघून गेली होती. "काही भांडली वगैरे नाही," दुकानदार म्हणाला. "एवढंच म्हणाली, इसमें पानी आता है. कपाटात कोरडा ठेवते आणि सकाळी ओला निघतो म्हणे. बाकीच्या साड्यांनासुद्धा शेवाळाचा वास लागला."

स्कार्फ परत शेडमध्ये आला. दीपमालेने तो खुंटीला अडकवला आणि कामाला लागली. पण ठसा उचलताना, दाबताना, तिचं लक्ष पुन्हा पुन्हा खुंटीकडे जात होतं. बाहेर टळटळीत दुपार होती. वाफ्यांना पाणी सोडलेलं होतं, सासरे मोटारीपाशी उभे राहून कुणाशी तरी मोठमोठ्याने बोलत होते. एवढ्या उजेडात घाबरायचं कशाला, असं स्वतःशीच म्हणत तिने स्कार्फ काढला आणि खिडकीच्या काचेत बघत डोक्यावरून घेतला. दोन्ही टोकं कानामागून मागे नेली.

तिच्या हातातून ती टोकं कुणीतरी घेतली.

ओढून घेतली नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या बाईने "आण इकडे" म्हणून घ्यावीत तशी घेतली. मानेवर गार बोटं लागली. बोटांची कातडी भेगाळलेली होती, मातीत काम करणाऱ्या बाईची असते तशी. त्या बोटांनी तिचे सुटे केस आत सारले, एक गाठ मारली, ओढून बघितली. मग दुसरी मारली. काचेत दीपमाला एकटीच दिसत होती. तिसरी गाठ मारताना त्या हातांची धांदल उडाली, आणि तेव्हाच तिच्या ध्यानात आलं की ही कुणाचं वाईट करायला आलेली बाई नाही. हिला घाई झालेली आहे. ही गाठ सुटली तर काहीतरी भयंकर होईल, अशा भीतीने ही बांधते आहे.

कापड गळ्याशी आवळत चाललं. दीपमालेला निकिताचे शब्द आठवले. "पोचले मी," ती पुटपुटली. "सुखरूप आहे."

हात थबकले. बराच वेळ तसेच राहिले, जणू कुणी कान देऊन ऐकत होतं आणि आवाज ओळखीचा आहे का ते ठरवत होतं. मग गाठ थोडी सैल झाली. पुरती सुटली नाही. दीपमालेने घाईघाईने स्कार्फ डोक्यावरून उपसून काढला. मानेवरून पाण्याचा एक ओघळ पाठीवर उतरला.

दुसऱ्या दिवशी ती चांगुणाला गाठायला पेठरोडच्या बाजूला गेली. चांगुणा भांडी लावत बसली होती. हिरवं लुगडं म्हटल्यावर तिला लगेच आठवलं.

"दिंडोरीच्या पुढं द्राक्षाचा मळा हाय, त्या घरातलं. म्हातारी वारली व्हती. सून दारातच बसलेली. मी आवाज दिला तं आत गेली अन् अख्खं गाठोडं आणून टाकलं माझ्यापुढं. म्हटलं, बाई, दोन पातेली घे. ती म्हणे, एक बी नको, फक्त घेऊन जा. म्या तरी एक पातेलं ठेवून आले पायरीवर. फुकट कसं घ्यावं मेलेल्या माणसाचं?"

"म्हातारी कशानं गेली?"

"इचारलं नाय. पोर व्हती एक, नात. ती माझ्यामागं फाट्यापर्यंत आली, बोलली काहीच नाय. गाठोड्याला हात लावून उभी ऱ्हायली नुसती."

त्याच दुपारी दीपमाला दिंडोरीच्या पुढे गेली. स्कार्फ पिशवीत होता. मार्गशीर्ष लागला होता, बागांमध्ये द्राक्षाचे घड औषधात बुडवण्याचं काम चाललं होतं. मजूर बाया तोंडं बांधून, हातात औषधाचे मग घेऊन रांगांमधून सरकत होत्या. सगळ्यांची तोंडं झाकलेली, डोळे तेवढे उघडे. त्यांना विचारत विचारत ती घरापर्यंत पोचली.

घर नव्या बांधकामाचं होतं, पुढे ट्रॅक्टर उभा. डाव्या हाताला उंच मातीचा बांध आणि त्यावर तारेचं कुंपण. कुंपणापलीकडे शेततळं असणार, हे लांबूनच कळत होतं. ओट्यावर तिशीतली एक बाई लसूण सोलत होती. ती योगिता, त्या घरची सून. नवरा संतोष बागेत फवारणीला गेला होता. तिने दीपमालेला पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली. स्कार्फचं काम करते म्हटल्यावर बघायलाही उत्सुक झाली. दीपमालेने पिशवीतून तो काढला आणि तिच्या हातात दिला.

योगिताने उलगडला, फुलांवरून हात फिरवला. "छान हाय," म्हणाली. हात सरकत सरकत त्या चुण्यांच्या पट्ट्यापाशी आला आणि तिथेच थांबला. लसणाचं ताट तिच्या मांडीवरून खाली घरंगळलं.

"हे कुठून आणलं तुम्ही?"

"तुम्ही भांडेवालीला दिलं होतं त्यातलं आहे. मी तक्रार करायला आले नाही, योगिताताई. पण हे जे कुणी बांधतं, त्याच्या मागून कुणीतरी गाठ मारतं."

योगिता वेड्यात काढील, हाकलून देईल, अशी दीपमालेची तयारी होती. पण तिने तसलं काही केलं नाही. ती स्कार्फकडे बघत राहिली आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "तीन मारतात. ना?"

"हो."

"आमच्या सासूबाई. धोंडाबाई. कशालाबी तीन गाठी मारायच्या. शिंक्याला, धान्याच्या पोत्याला, पोरीच्या परकराला."

मग तिने सांगितलं. मागच्या शिमग्यात, तिची मुलगी सायली शेळीच्या पिलामागे धावत बांधावर चढली. तेव्हा कुंपण नव्हतं, नुसते लोखंडी खांब रोवलेले होते. तळ्याला आतून प्लास्टिक असतं, त्यावर शेवाळ. पाय पडला की माणूस थेट पाण्यात. घरात धोंडाबाई एकट्या होत्या. त्या धावल्या. अंगावरचं लुगडं सोडलं, एक टोक खांबाला बांधलं, दुसरं हातात धरून त्या घसरत पाण्यात उतरल्या. पोहता येत नव्हतं. पोरीला गाठलं, लुगडं तिच्या कमरेला बांधलं.

"मी बागेतून पळत आले तेव्हा त्यांचं तोंड तेवढं वर व्हतं. म्हणल्या, ओढ. मी ओढलं. सायली वर आली." योगिताला पुढचं सांगायचं नव्हतं, आणि सांगितल्याशिवाय राहवतही नव्हतं. "मग लुगडं परत टाकायचं व्हतं ना मला. त्यांच्यासाठी. सोडायला गेले तं सुटंना. तीन गाठी, ओल्या. नखं मोडली माझी. खांबाची बी सुटंना. मधला भाग फेकला, तो अर्ध्यातच पडला. घरात पळाले, द्राक्षाची कात्री आणली, दोन्ही गाठी कापल्या. वळून बघते तं पाणी सपाट. एक बुडबुडा नाय."

घराच्या मागून शेळी ओरडली.

"त्यांनी शेवटी काय बघितलं मला ठाऊक नाय," योगिता म्हणाली. "पोरगी वर गेलेली त्यांनी बघितली का नाय बघितली."

दीपमाला म्हणाली, "नाही बघितली. त्या अजून बांधतायत."

मग दीपमालेने निकिताचं सांगितलं, फोनवरचे शब्द सांगितले, आपण तेच म्हटल्यावर हात कसे थांबले तेही सांगितलं. हे शब्द आता सायलीच्याच तोंडून हवेत, हे योगिताला सांगावं लागलं नाही. ती एकदम उठून उभी राहिली.

"नाय. तिला मी परत त्या तळ्याकडं नेणार नाय. तिच्यापुढं आम्ही आजीचं नाव बी काढत नाय."

"आई, मी जाते," दारातून आवाज आला. सायली तिथे केव्हापासून उभी होती कुणास ठाऊक. सात-आठ वर्षांची, शाळेच्या गणवेशात, अंगाने किरकोळ. तिने येऊन आईच्या हातातला स्कार्फ घेतला आणि तो पट्टा गालाला लावला. "आजीचंच हाय. पाण्याचा वास येतो."

योगिताने तिला जवळ ओढलं. पुष्कळ वेळ तशीच धरून ठेवलं. मग तिच्या दंडाला घट्ट पकडून ती बांधाकडे चालायला लागली, आणि दीपमाला त्यांच्या मागून गेली.

कुंपणाला आता फाटक होतं, त्याला कुलूप. योगिताने ते उघडलं नाही. तिघी तारेच्या अलीकडेच थांबल्या. ऊन कलतं झालं होतं. खाली काळं प्लास्टिक आणि त्यात हिरवट पाणी, काचेसारखं स्थिर. वारा होता, बागेतली पानं हलत होती, पण पाण्यावर एक तरंग नव्हता.

सायलीने स्कार्फ स्वतःच कमरेभोवती घेतला आणि दोन्ही टोकं पाठीमागे नुसती धरून उभी राहिली. योगिताने तिचा एक हात धरून ठेवला होता.

टोकं सायलीच्या बोटांतून सुटली. खाली पडली नाहीत. हवेत एकमेकांवरून गेली, वळली आणि आवळली गेली. एक गाठ. योगिताचे डोळे त्या कापडावर खिळले. दुसरी गाठ. कापडातून पाणी गळायला लागलं, सायलीच्या गणवेशावरून, पायांवरून, मातीत. शेवाळाचा वास सगळीकडे पसरला. तिसरी गाठ पडली आणि कापड एवढं ताणलं गेलं की मुलगी अर्धं पाऊल मागे खेचली गेली. तळ्याच्या दिशेने नव्हे. बांधाच्या बाहेर, घराच्या दिशेने.

"आजी," सायली म्हणाली. शाळेत बाईंना उत्तर द्यावं तसा तिचा आवाज होता, स्पष्ट आणि थोडा मोठा. "मी वर आले. तवाच आले. आईनं ओढलं मला. मी दुसरीत गेले आता."

काही झालं नाही.

"तू बांधलं ते घट्ट बसलं व्हतं, आजी. सुटलं नाय. आता सोड."

पाण्याच्या मधोमध एक वर्तुळ उमटलं, आतून काही वर यावं तसं. ते पसरत पसरत काठाला आलं आणि प्लास्टिकवर विरून गेलं. सायलीच्या पाठीमागे पहिली गाठ सुटली. दुसरी सुटायला वेळ लागला. म्हातारी बोटं ओल्या गाठीशी झटतात, पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात, तसं ते कापड जागच्या जागी हलत होतं. तिसरी सुटली तेव्हा स्कार्फ तिच्या पायाशी पडला. सायलीने मान थोडी तिरकी केली, डोक्यावरून कुणी हात फिरवला की मुलं करतात तशी. मग म्हणाली, "गेली."

ती घराकडे पळाली. तिला भूक लागली होती.

दीपमालेने वाकून स्कार्फ उचलला. कापड चिंब होतं, पण चुण्या गेल्या होत्या. तो पट्टा हाताखाली गुळगुळीत लागत होता. तिने तो योगितापुढे धरला. "तुमच्या घरातला आहे. ठेवा."

योगिताने घेतला, पण घराकडे वळली नाही. "तुम्हाला काही बोलल्या का त्या? काल, तुम्ही बांधला तेव्हा?"

"नाही."

"माझ्याबद्दल काहीच नाय?"

"बोलल्याच नाहीत, योगिताताई. फक्त हात होते."

योगिताने मान हलवली. मग तिने तो ओला स्कार्फ उलगडला, डोक्यावर घेतला, दोन्ही टोकं मानेमागे नेली आणि हात तसेच मागे ठेवून तळ्याकडे तोंड करून उभी राहिली. गाठ मारली नाही. दीपमाला काही पावलं मागे सरकली. बागेतल्या मजूर बाया काम उरकून ओळीने रस्त्याला लागल्या, त्यांच्या बोलण्याचा आवाज लांब गेला आणि नाहीसा झाला. योगिताचे दंड दुखायला लागले असणार, तरी तिने हात खाली घेतले नाहीत. टोकं तिच्या बोटांत होती तिथेच राहिली.

शेवटी घरातून सायलीची हाक आली. योगिताने स्वतःच एक साधी गाठ मारली आणि म्हणाली, "चला. चहा घेऊन जा."

संक्रांतीनंतर तिचा फोन आला. घर सावरलं होतं. सायली आता आजीबद्दल बोलते, जेवताना तिच्या गोष्टी सांगते, झोपेत दचकत नाही. संतोषने तळ्याच्या आतल्या उतारावर जागोजागी दोर सोडले आहेत, कुणी पडलं तर हाताला लागावेत म्हणून. दीपमालेने ऐकून घेतलं, बरं वाटलं म्हणाली आणि सहज विचारलं, "स्कार्फ कुठे ठेवलात?"

"ठेवला नाय," योगिता म्हणाली. "रोज सकाळी बागेत जाताना बांधते. आधी थोडी थांबते, हात मागं ठेवून."

"मग?"

पलीकडे वाऱ्याचा आवाज येत होता. ती बागेतूनच बोलत असावी.

"अजून तरी मलाच मारावी लागते गाठ," ती म्हणाली.